काण्या बोक्याची टोपली

प्राण्यांच्या आश्रमाची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही रुमाल काढून बसला असाल. आता पाऊस येणार, गटारीच्या कडेला एक पिल्लू कुडकुडत सापडणार, मी त्याला शर्टात गुंडाळून घरी नेणार आणि शेवटी ते पिल्लूच मला माणूस बनवून सोडणार. तर तो रुमाल ठेवून द्या. या गोष्टीत पाऊस नाही, पिल्लू नाही, आणि मी माणूस बनायचं म्हणाल तर आमच्या घरी विचारा, ते अजून वाट बघतायत. या गोष्टीत एक टोपली आहे. बांबूची, वर चकचकीत कागद, कागदाला लाल रिबीन. या टोपलीपायी मी जेवढं बोलणं खाल्लं तेवढं दहावीच्या निकालालासुद्धा खाल्लं नव्हतं.

आम्ही देवळाली प्रवरेचे. माझी शाळा इथंच, बारावी इथंच, आणि पुढं जे काय झालं त्याला शिक्षण म्हणायचं का नाही यावर घरात दोन मतं आहेत. पोटापाण्याला मी माईकवर असतो. म्हणजे मांडववाल्याकडं. लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, कुणी रिटायर झालं तर त्याचा निरोप, सगळीकडं माईक माझ्या हातात. आहेर पुकारायचा, पंगत बसवायची, हरवलेली चप्पल जाहीर करायची. मधूनमधून नकला. एसटी स्टँडवर गाड्या पुकारणारी बाई, भंगारवाला, घंटागाडी, जेवताना 'वाढू का, वाढू का' करत पुढं निघून जाणारा वाढपी. माणसं आहेर विसरतात, पण वाढपी परत करायला लावतात.

शाळेत मी सगळ्यात जास्त आवाज काढला तो चित्रकलेच्या मॅडमचा. मॅडम मिशनच्या शाळेतून रिटायर झाल्या आणि तिथून थेट कुत्र्यांत गेल्या. उसाच्या ट्रॅक्टरनं पाय गेलेलं कुत्रं, कुणी सोडून दिलेलं गाढव, आंधळी मांजर, जे सापडेल ते मॅडम घरी आणायच्या. घर भरलं. मग पाटाच्या कडेच्या एका शेतकऱ्यानं त्यांना आपली रिकामी कांदाचाळ वापरायला दिली. कांदाचाळ तुम्ही पाहिली असेल. लांबलचक, वर पत्रा, दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकलेल्या, हवा आरपार. कांद्यासाठी केलेली, पण कुत्र्यांना अशी मानवली की विचारू नका. एकेका कप्प्यात दोन-दोन. फक्त सगळ्या कुत्र्यांना बारा महिने कांद्याचा वास यायचा.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो सेवेसाठी नाही, टिंगलीसाठी. मित्राच्या गाडीवर पाटानं चाललो होतो, सहज थांबलो आणि कुंपणाबाहेरून कुत्रा भुंकतो तसं भुंकलो. आतली एकोणीसच्या एकोणीस उठली. वर गाढव. असा दंगा झाला की पाटावरचे बगळे उडाले. तेवढ्यात आतून आवाज आला, "नववी ब, शेवटचा बाक! बाहेर काय उभा आहेस, आत ये आणि यांना गप्प कर."

इतक्या वर्षांनी, नुसत्या भुंकण्यावरून. मी आत गेलो. तेव्हापासून जातोच आहे.

तर अडचण अशी होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चाळमालक आले. माणूस भला. टोपी काढून हातात घेतली, म्हणजे आम्हाला कळलंच की काहीतरी वाईट बोलणार.

"मॅडम, रागावू नका. पन औंदा मी उन्हाळी कांदा लई लावलाय. एप्रिलच्या शेवटाला काढनीला येईल. चाळ मोकळी लागंल."

"अहो, पण यांना मी कुठं नेऊ?"

"त्येच म्हन्तोय. आत्ताच सांगून ठेवलं. कांदा उघड्यावर टाकता येत न्हाई ना वो. गारा पडल्या तर वर्साचं गेलं."

त्यांचंही बरोबर होतं, म्हणूनच जास्त अवघड. मॅडमची स्वतःची थोडी जागा होती, गावाबाहेर, पाटाच्या पलीकडं. पण तिथं नुसती बाभळ. पाईप उभे करायचे, पत्रे टाकायचे, जाळी मारायची. मॅडमची पेन्शन कुत्र्यांच्या भाकरीतच संपायची. एप्रिलच्या शेवटापर्यंत शेड उभी राहिली नाही तर एकोणीस कुत्री, पाच मांजरं आणि एक गाढव रस्त्यावर, आणि रस्त्यावर काय होतं ते त्यांच्या पायांकडं बघूनच कळत होतं.

मॅडमनी आधी किराणा दुकानात दानपेटी ठेवली. पंधरा दिवसांनी उघडली तर आत तीन बटणं, एक जुनी चारआणी आणि एक चिठ्ठी: 'कुत्री रात्री भुंकतात, बंदोबस्त करा.'

मी म्हणालो, "मॅडम, आपल्याकडचा माणूस कुत्र्याला दहा रुपये द्यायचा नाही. पण कार्याला रिकाम्या हातानं जायचा नाही. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असतं, तरी सगळे काखेत काहीतरी घेऊनच येतात. मी स्टेजवर उभा असतो, मला विचारा. टॉवेल, टोपी, ब्लाऊजपीस, भिंतीवरचं घड्याळ. कंटाळलीत माणसं घड्याळांना. त्यांना आपण टोपली देऊ."

"कसली टोपली?"

"सजवलेली. प्रत्येक कार्याची वेगळी."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. नववीत असं पाहिलं की पुढं पट्टी यायची. या वेळी वही आली. दोन तासांत आम्ही टोपल्या ठरवल्या आणि मला आजवर कधी अभ्यासात इतकी मजा आली नव्हती. नव्या संसाराची टोपली: लाटणं, चहाची गाळणी, सांडशी, पापड, कुरडया, गुळाची ढेप आणि एक छोटा आरसा. नव्या गाडीची टोपली: नारळ, लिंबू-मिरची, अगरबत्ती, पुसायचं फडकं आणि 'हळू चालव, आई वाट बघते' असा स्टिकर. रिटायर होणाऱ्याची टोपली: मफलर, बॅटरी, शब्दकोड्याचं पुस्तक आणि वेळ घालवायला भुईमुगाच्या शेंगा. सासूबाईंची टोपलीही केली, गुडघ्याचं तेल, बाम, आवळा सुपारी. ती सासूला कुणी दिली नाही. बायका यायच्या, इकडंतिकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "ती सासूबाईंची द्या. मलाच पायजे."

टोपल्या बाजारातल्या मावशी विणून द्यायच्या. पापड-कुरडया बचत गटाच्या. आणि प्रत्येक टोपलीवर मॅडमच्या हातचं एक चित्र. हीच खरी मजा. चाळीतला एकेक प्राणी, रंगीत पेन्सिलींनी काढलेला, खाली लिहिलेलं, 'तुमच्या टोपलीमुळे मला छप्पर मिळतंय.' एक चित्र दुसऱ्यासारखं नाही. तीन पायांचा काळू कुत्रा एका टोपलीवर, गाढव दुसरीवर आणि काणा बोका तिसरीवर. या बोक्याचा एक डोळा कायम मिटलेला, त्यामुळं तो चित्रातसुद्धा बघणाऱ्याला डोळा मारायचा.

पहिले तीन आठवडे आम्ही हवेत. बाजाराच्या दिवशी मी घंटागाडीच्या आवाजात ओरडायचो, 'टोपलीवाली गाडी आली, घरातला जुना आहेर बाहेर काढा!' आणि बायका हसत जवळ यायच्या. काण्या बोक्याची टोपली खतांच्या दुकानवाल्या काकूंनी घेतली. त्यांच्या भाच्याचं राहुरीत लग्न होतं. "बोकं कसलं ग्वाड हाय! डोळा मारतंय मेलं," म्हणाल्या आणि पदरात झाकून नेली. गुड फ्रायडे यायच्या आधी मॅडमच्या चर्चच्या लोकांनी ईस्टरच्या टोपल्या सांगितल्या. आलेल्या पैशात पलीकडच्या जागेवर पाईप उभे राहिले. बाभळीत निळे पाईप चमकायला लागले तेव्हा मॅडम पाईपाला हात लावून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तू नापास झालास ते बरं झालं. पुण्याला गेला असतास." मॅडमनी आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

आणि मग विक्री थांबली. कमी झाली नाही, थांबलीच. लग्नं तर वाढलेली. दिवसाला दोन-दोन तिथी, मांडववाल्याला खुर्च्या पुरत नव्हत्या, आणि आमच्या टोपल्यांना कुत्रं विचारत नव्हतं. म्हणजे कुत्रीच विचारत होती, पापडाच्या वासानं.

का, ते मला स्टेजवरच कळलं. खतवाल्या काकूंच्या भाच्याच्या लग्नात माईक माझाच होता, काकूंनी बोक्याची टोपली नवरा-नवरीच्या हातात दिली ती मीच पुकारली. इथवर ठीक. बारा दिवसांनी देवळालीतच एक साखरपुडा. मुलीला टोपली आली. वरून बोका मला डोळा मारतोय. देणारे कोण, तर त्या भाच्याचेच घरचे. मी मनात म्हटलं, असेल, दोन-दोन बोके काढले असतील मॅडमनी. मग सोनईला एक वास्तुशांत होती. नवं घर, दारात केळीचे खांब, मी माईकवर. आणि साखरपुडेवाल्यांकडची मंडळी आत आली ती टोपली घेऊन. बोका! तोच! रिबीन तशीच, कागद तसाच, गाठसुद्धा मीच मारलेली, वाकडी. नव्या संसाराची टोपली नव्या घराला.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं आहेर वापरायचा नसतो, फिरवायचा असतो. एक ब्लाऊजपीस पाच-सहा कपाटांत राहून येतो. यात कुणी कुणाला फसवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. आईच्या कपाटात तर प्रत्येक ब्लाऊजपीसला टाचणीनं चिठ्ठी लावलेली असते, कुणाकडून आला ती. कारण नियम एकच. ज्यानं दिला त्याला परत जाता कामा नये.

आणि आम्ही काय केलं होतं? आहेर फिरवणाऱ्या गावांना, न उघडता पुढं देता येईल अशी, आजवरची सगळ्यात देखणी वस्तू करून दिली होती! चकचकीत कागद, रिबीन, वर बोका. ती उघडायला कुणाचा हात धजेल? घड्याळाचा खोका निदान जुना दिसायला लागतो. आमची टोपली प्रत्येक मांडवात नवीन.

मी पळत चाळीवर गेलो. "मॅडम, गाढवाची टोपली तीनदा दिसली. काळूची दोनदा. बोका तर तालुका हिंडतोय. आपण जेवढ्या विकल्या तेवढ्यांतच सगळा भाग लग्नं करतोय!"

मॅडम भाकऱ्या कुस्करत होत्या. हात थांबला. "म्हणजे ती गुळाची ढेप..."

"तीच ढेप, मॅडम. कोणी चाखलीसुद्धा नाही."

आम्हाला दोघांनाही हसू यायला लागलं. वाईट गोष्ट होती, पत्र्यांचं सगळं अडलं होतं, पण ढेपेचा विचार आला की हसू थांबेना. मॅडम हसत हसत भाकरीच्या टोपावर वाकल्या. आणि तेवढ्यात चाळमालक मापाची टेप घेऊन आत आले, कप्पे मोजायला. कांदा काढणीला येत चालला होता. आमचं हसू तिथंच विझलं.

यानंतरचं लग्न माझ्या मामेबहिणीचं. सोनईला, मामाच्या दारात. माईक घरचाच म्हणून मी फुकट. मला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि मी काही ठरवलंही नव्हतं, हे मी आधी सांगतो, कारण नंतर कुणी ते मान्य केलं नाही.

आहेर चालू होते. मी पुकारतोय, माणसं चढतायत, उतरतायत. आणि गर्दीतून एक टोपली वर यायला लागली. टोपलीच दिसत होती फक्त, कारण मोठी होती आणि धरणारीनं ती छातीशी अशी धरली होती की चकचकीत कागदामागं चेहराच नाही. पायरीवर आली आणि बोक्यानं मला डोळा मारला.

माझ्यातलं एसटी स्टँड सुरू झालं. मी काही केलं नाही, ते आपोआप झालं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! देवळाली प्रवराहून राहुरी, राहुरीहून पुन्हा देवळाली, देवळालीहून सोनई अशी धावणारी काण्या बोक्याची टोपली फलाट क्रमांक एकवर येत आहे!"

मांडव हसला. अर्ध्यांना कळलं, अर्धे ज्यांना कळलं त्यांच्याकडं बघून हसले. एवढं हसू मिळाल्यावर थांबायची अक्कल मला देवानं दिलेली नाही. मी कंडक्टर झालो.

"चला, पुढं सरका, पुढं सरका! बोक्याला जागा द्या! दोन महिने हुबं ऱ्हाऊन प्रवास केलाय त्यानं! ढेप कुनी खाल्ली न्हाई, पापड कुनी भाजला न्हाई, आरशात अजून कुनी तोंड बघितलं न्हाई!"

वास्तुशांतवाले काका दुसऱ्या रांगेत होते. त्यांना ठसका लागला. नवरदेव असा हसला की मुंडावळ्या नाकावर आल्या. मी परत स्टँडवरची बाई झालो.

"सदर टोपली गेला महिनाभर बेपत्ता होती. ती कोणत्या आगारात, कोणाच्या कपाटात मुक्कामी होती, हे ज्या माउलीला ठाऊक असेल तिने चौकशी खिडकीशी संपर्क साधावा."

टोपली खाली झाली. मागं आई.

मी तुम्हाला सांगतो, माईकमधून नुसता श्वासाचा आवाज किती मोठा येतो ते मला त्या दिवशी कळलं.

आणि अजून व्हायचं बाकीच होतं. नवरीच्या शेजारी उभी असलेली मामी पुढं आली, बोक्याकडं निरखून बघितलं आणि न राहवून म्हणाली, "आगं बया! वन्सं, हे बोकं तर माझ्याकडनंच आलतं की तुमाला!" आणि बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण काय कबूल केलं, तशी तिनं पदर तोंडात धरला. तोही उशिरा, कारण माईक माझ्या हातात आणि माझा हात तिच्या तोंडाशी.

झालं होतं असं, हे मला नंतर कळलं. वास्तुशांतवाले मामाचे शेजारी. त्यांनी टोपली मामीला दिली, कसलंतरी निमित्त काढून. मामीनं ती आई-वडिलांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आमच्याकडं आणली. पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्याला नव्या संसाराची टोपली! मी त्या दिवशी दुसऱ्या कार्यात होतो. आईनं नेहमीसारखी चिठ्ठी लावली. पण आईची टाचणी ब्लाऊजपीसची. त्या गुळगुळीत कागदावर ती टिकली नाही, चिठ्ठी गळून कपाटामागं पडली. आई धरून चालली की ही टोपली माझ्या सख्ख्या काकूनं दिलेली. आणि पंचवीस वर्षं आहेर फिरवणाऱ्या, नियम कधी न मोडलेल्या माझ्या आईनं मामीची टोपली मामीलाच परत आणून दिली. स्वतःच्या माहेरी. स्वतःच्या पोराच्या माईकवर.

मांडव कोसळला. म्हणजे हसून. एक आजोबा खुर्चीसकट मागं गेले, त्यांना दोघांनी धरलं. कुणीतरी सगळं मोबाईलवर घेतलं होतं, ते त्याच दिवशी जेवणं होईस्तोवर गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन. मला वाटलं, आता पट्टी.

"तू काय केलंस?"

"मॅडम, चुकून झालं..."

"अरे, सकाळपासून सात फोन आलेत! सगळ्यांना नव्या टोपल्या हव्यात. आणि सगळे एकच विचारतायत. 'नवीनच आहे ना? त्या पोरानं पाहिलेली नको.'"

मग कळलं काय झालं ते. ज्या घरांत आमच्या टोपल्या कपाटावर बसल्या होत्या तिथं त्या दिवशी भराभर कागद फाटले. कुणाची हिंमत होती पुढं द्यायची? मी कुठल्या मांडवात माईकवर असेन याचा भरवसा नाही. सोनईत तर म्हणे तीन घरांत एकाच संध्याकाळी गुळाचा चहा झाला. आणि आता पुढच्या तिथीला द्यायला काही नाही, तर नवीन घेणं आलंच. एक फोन तर शेजारच्या अकोले तालुक्यातून आला, तिथल्या बाईंनी ते मोबाईलवरचं बघितलं होतं. "आमच्याकडं तो मुलगा येणार नाही ना?" विचारलं आणि चार टोपल्या सांगितल्या, जीपनं पाठवायच्या.

मॅडमनी यानंतर प्रत्येक चित्राखाली शाईनं कुणाच्या कार्याची टोपली ते लिहायला सुरुवात केली. नाव लिहिलेली वस्तू फिरत नाही. मावशींना दिवसाला विणता येतील तेवढ्या टोपल्या आम्ही उचलत होतो. मी रिबिनी बांधून बांधून स्वप्नात गाठी मारायला लागलो.

पत्रे ज्या दिवशी चढले त्याच्या दुसऱ्या दिवशी चाळीच्या फाटकात कांद्याची पहिली ट्रॉली उभी राहिली. आत कुत्री, बाहेर कांदा. चाळमालक म्हणाले, "घाई न्हाई मॅडम, ट्रॉली हुबी ऱ्हाईल," आणि स्वतःच दोन मांजरं बगलेत घेऊन चालायला लागले. पाटाच्या कडेनं आमची वरात निघाली. पुढं मॅडम, मागं दोरीला सहा-सहा कुत्री, कुणाला उचलून, कुणाला हातगाडीवर. मी वाढप्याच्या आवाजात 'वाढू का, वाढू का' करत बिस्किटं दाखवत पुढं पळायचो आणि कुत्री मागं. गाढव पुलावर बसलं. चाळमालकांनी ढकललं, मी ओढलं, मॅडमनी नववी ब च्या आवाजात "ऊठ!" म्हटलं आणि ते उठलं. दुपारपर्यंत सगळी पलीकडं. नव्या पत्र्याखाली, नव्या जाळीत, कांद्याचा वास सोडून बाकी सगळं घेऊन. बोका सगळ्यात वरच्या आडव्या पाईपवर जाऊन बसला. मॅडम एका उलट्या घमेल्यावर बसल्या आणि मोजायला लागल्या. एकोणीस, पाच, एक.

आई त्या सोनईच्या लग्नापासून माझ्याशी बोलली नव्हती. जेवायला वाढायची, पण ताटाशी बोलायची. त्या दिवशी दुपारी ती शेडवर आली, डोक्यावर भाकऱ्यांची पाटी. कुत्र्यांना एकेक भाकरी मोडून घातली. मॅडमना म्हणाली, "लई चांगलं झालं, बाई." पत्र्यांकडं मान वर करून बघितलं. मला वाटलं, मिटलं. मी जरा पुढं झालो.

"हितं ये," आई म्हणाली. "झालं तुजं? पत्रे चढले? सगळी आत आली? मंग आता ऐक. इतके दिस मी गप बसले त्ये या मुक्या जिवांसाठी. तुज्यासाठी न्हाई."

"आई, पण त्यामुळंच तर पत्रे..."

"पत्र्याचं बोलू नको. पत्रे चांगलेच झाले. मी पत्र्याला बोलते का? मी तुला बोलते. माईक हातात आला की तुला आई कळंना, बाप कळंना? टोपलीमागं कोन हाय दिसलं न्हाई म्हन्तो. पाय दिसत न्हवते? पायातल्या चपला तरी वळकायच्या, तूच आनल्यात त्या! पंचवीस वर्सं सासरात खपले, कुनाच्या डोळ्यात डोळा घातला न्हाई. एक माहेर हाय जिथं मी मान वर करून जाते. मोठी ननंद म्हनून जाते. आता भावजयीचा फोन आला की ती माजी तब्येत इचारायच्या आदी बोक्याची इचारती! आन् शेवटाला हसती. तिनं का हसावं? तिनं पन तर फिरवलीच हुती! पन तिची कुनी जाहिरात केली न्हाई, माझी झाली. घरच्या पोरानं केली."

मॅडम मध्ये पडायला गेल्या. "ताई, जाऊ द्या, लहान आहे..."

"लहान न्हाई वो बाई, दाढी आलीय त्याला. तुमी पन त्याला लई डोक्यावर घेतलंय. नववीत मारायचात तेच बरं हुतं." मॅडम चष्मा पुसायला लागल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं सोनईला जायचं. मामीच्या, मामाच्या पाया पडायचं आन् माफी मागायची. तुज्या सोताच्या आवाजात. कंडक्टर न्हाई, ती स्टँडवरची बाई न्हाई, कोनीच न्हाई. दुसऱ्या कुनाच्या आवाजात मागितल्याचं कळलं तर तिथंच ऱ्हायचं, घरी यायचं न्हाई. आन् दात काय काढतोय? मी हसायसारकं काय बोलले? बघा, बघा बाई, अजून हसतोय! जा, त्या गाढवाला पानी दाखव आदी, किती वेळचं कोरड्या तोंडानं हुबं हाय त्ये."